लाईन नंबर काढून टाकल्यावर

मागच्या वर्षी आमचा रूमपार्टनर वायडीत गेला. वायडी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही अशा भाग्यवान फर्स्ट इयरवाल्यांसाठी: इयर डाऊन. बरोबरची पोरं पुढच्या वर्गात जातात, आपण तिथेच. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरून झाला होता आणि आम्ही सगळे त्याला रोज सांगत होतो, "अरे, दोन विषय तर नक्की सुटतात, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. टेन्शन नको घेऊस." त्यानं टेन्शन घेतलं नाही. फक्त बॅग भरून कॉटखाली सरकवली, मेसचं महिन्याचं कार्ड काढणं बंद केलं आणि रोज एकेक कूपन घेऊन जेवायला लागला. निकाल बदलला तर बी.ई.च्या ब्लॉकमध्ये जायचं, नाही बदलला तर घरी. मग महिन्याचे पैसे कशाला भरा?

पार्टनर नगरकडचा, घरचे ख्रिस्ती. त्याच्या आत्यानं त्याला एक कार्ड पाठवलं होतं, ते त्यानं टेबलासमोर चिकटवलं. देवानं तुमच्या भल्याच्या योजना आखून ठेवल्या आहेत, वाईटाच्या नाहीत, अशा अर्थाचं एक वचन आणि खाली 'यिर्मया २९:११'. मला ते बघून आधी आयपी ॲड्रेस आणि पोर्ट नंबरच आठवला. मी विचारलं, "ह्या ॲड्रेसवर आजूबाजूला काय आहे?"

"माहीत नाही रे. एवढंच वचन पाठ आहे."

माझ्या घरी बायबल नाही, ज्ञानेश्वरी आहे. त्यामुळे 'अध्याय अमुक, वचन तमुक' म्हटलं की माझी समजूत अशी, की लिहिणाऱ्यानंच ते तसं लिहिलं असणार. ओवी म्हणजे ओवी. ज्ञानेश्वरांनी ती ओवी म्हणूनच रचली, ती कुठे संपते ते कानालाच कळतं. बायबलचं तसं नाही, हे मला त्या कार्डाच्या निमित्तानं कळलं. अध्यायांचे आणि वचनांचे हे आकडे मूळ लिहिणाऱ्यांनी घातलेलेच नाहीत! ते फार नंतर, दुसऱ्याच लोकांनी, दुसऱ्याच कामासाठी घातले. म्हणजे सोर्स कोड एकाचा आणि लाईन नंबर भलत्याचेच.

त्याची गोष्ट अशी. आज जे अध्याय छापले जातात ते साधारणपणे इंग्लंडच्या स्टीफन लँग्टनच्या नावावर आहेत. हा तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसला शिकवत होता. (हाच पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टा प्रकरणातही हाच होता. एका माणसानं किती उद्योग करावेत!) आधीही वेगवेगळ्या विभागण्या होत्या, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. आता वर्गात शंभर पोरं, प्रत्येकाकडे हातानं लिहिलेली वेगळी प्रत, कुणाचंच पान कुणाशी जुळत नाही. अशा वेळी मास्तर 'पान नंबर काढा' म्हणणार कसा? म्हणून सगळ्यांना चालेल असा एक पत्ता हवा होता. थोड्याच वर्षांत पॅरिसच्याच डॉमिनिकन साधूंनी ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची केली. कोणता शब्द कुठे कुठे आला त्याची यादी, म्हणजे आपल्या भाषेत सर्च इंडेक्स. तेव्हा वचनांचे आकडे नव्हतेच. म्हणून त्यांनी प्रत्येक अध्यायाचे अंदाजे सात तुकडे पाडले आणि त्यांना ए ते जी अशी अक्षरं दिली.

वचनांचे आकडे आले छपाईबरोबर. जुन्या कराराच्या हिब्रू हस्तलिखितांत वाक्य कुठे संपतं याच्या खुणा आधीपासून होत्या, आकडे मात्र नव्हते. नव्या करारातली आजची वचनं पाडली ती रॉबेर एस्तिएन या फ्रेंच छापखानेवाल्यानं. पॅरिसच्या धर्मपंडितांशी भांडण होऊन तो जिनिव्हाला गेला आणि १५५१ मध्ये त्यानं ग्रीक नवा करार छापला. मध्ये ग्रीक आणि दोन्ही बाजूंना दोन लॅटिन भाषांतरं. तिन्ही समोरासमोर ठेवायची तर तुकड्यांना नंबर हवेतच. त्याच्या मुलानं पुढे लिहून ठेवलंय की वडिलांनी हे काम पॅरिसहून लियोंला जाताना प्रवासात केलं. त्यावरून जुना विनोद आहे: काही वचनं इतक्या विचित्र जागी तुटलीत, की घोडा ठेचकाळला तिथे पेन टेकलं असणार. (तो घोड्यावर बसून लिहीत होता की मुक्कामाच्या सराईत, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपण असाइनमेंट बसमध्ये लिहितो, तेव्हा मला घोडासुद्धा पटतो.)

यानंतरची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. १५६० च्या इंग्रजी जिनिव्हा बायबलमध्ये प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू केलं. पुढच्या कितीतरी आवृत्त्यांनी तेच उचललं. इथे नुसता पत्ता दिला असं झालं नाही, मजकुराचा चेहराच बदलला. सलग पत्र किंवा सलग गोष्ट दिसायला बुलेट पॉइंटांची यादी झाली. आणि आपल्याला माहीत आहे, पीपीटीच्या स्लाईडवरचा एक बुलेट उचलून व्हायवाला गेलं की काय होतं ते.

ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकलेल्यांना दोन शब्दांत सांगतो: पेजिंग आणि सेगमेंटेशन. पेजिंगमध्ये मेमरीचे एकसारखे तुकडे पाडतात. आत फंक्शन अर्धं तुटलं का याची फिकीर नाही, शोधायला सोपं पडलं म्हणजे झालं. सेगमेंटेशनमध्ये प्रोग्रामचे जे खरे भाग आहेत त्याप्रमाणे तुकडे. लँग्टनचे अध्याय म्हणजे बऱ्यापैकी पेजिंग आहे. शिकवायला आटोपशीर तुकडे. पण आपण ते सेगमेंट समजून वाचतो, एक अध्याय संपला की 'धडा संपला' म्हणून पुस्तक मिटतो. घोळ तिथे आहे.

घोळ अगदी पहिल्याच पानावर सुरू होतो. उत्पत्तीच्या पुस्तकात सात दिवसांत जग निर्माण होतं. सहा दिवस पहिल्या अध्यायात आणि सातवा, विश्रांतीचा, दुसऱ्या अध्यायात! म्हणजे आठवडा संपायच्या आत अध्याय संपला. प्रेषितांच्या कृत्यांत पौल यरुशलेमच्या जमावापुढे उभा राहतो, हातानं गप्प बसायची खूण करतो, बोलायला तोंड उघडतो... आणि एकविसावा अध्याय संपतो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात अकराव्या अध्यायाचं पहिलं वाक्य सरळसरळ दहाव्याचं शेवटचं वाक्य आहे. त्याच पत्रातला तेरावा अध्याय प्रेमावरचा म्हणून लग्नात वाचतात. सलग वाचला तर त्याच्या आधीही भांडण आणि नंतरही भांडण. मंडळीतले लोक 'माझं दान मोठं की तुझं' करत होते, त्यांना पौल प्रेमाबद्दल सुनावतोय. वधूवरांना ते सांगत नसावेत, आणि नाही सांगितलेलंच बरं.

तर पार्टनरला म्हटलं, आपण हे आकडे काढूनच टाकू. मोकळा वेळ त्याला सक्तीचा होता आणि मला सबमिशन टाळायला निमित्त हवंच होतं. वाचायला मराठी, अडलं तर इंग्रजी, अशा दोन फायली घेतल्या, स्वतःपुरत्या. पायथनचा चार ओळींचा प्रोग्राम, जो दिसेल तो आकडा खाऊन टाकणारा. चालवला आणि खूश झालो. मग पार्टनरनं इंग्रजी फाईलमध्ये 'गणना' हे पुस्तक उघडलं. त्यात इस्राएलच्या एकेका वंशात लढाईला जाण्याजोगे किती पुरुष होते त्याची शिरगणती आहे. आमच्या भाषांतरात ती संख्या अंकांत छापलेली होती. प्रोग्रामनं रऊबेनाच्या वंशाचे ४६,५०० पुरुष एका झटक्यात गिळले होते, आणि बाकीच्या वंशांचेही. गणनेच्या पुस्तकातली गणनाच गायब! मग अट घालावी लागली: ओळीच्या सुरुवातीचाच आकडा काढायचा. शेवटी लूक आणि यिर्मया ही दोन पुस्तकं एका कॉलममध्ये, मोठ्या अक्षरांत प्रिंट केली. स्पायरल करताना झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "ब्लॅकबुक का?"

लूक आधी घेतलं. दोन बैठकींत संपलं, पाळीपाळीनं मोठ्यानं वाचून. हे नंतर कळलं की मूळ लोकही तसंच ऐकत होते. कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी पौल सांगतो की हे तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायला द्या, आणि त्यांचं तुम्ही वाचा. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. ऐकणाऱ्याला आकडे दिसतच नाहीत.

लूकमध्ये शेवटाकडे एक जागा आली आणि पार्टनर वाचता वाचता थांबला. त्याला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट: मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक दान टाकतायत, एक गरीब विधवा दोन दमड्या टाकते, आणि येशू म्हणतो की हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण तिनं जगायला होतं तेवढं सगळं टाकलं. लहानपणी रविवारच्या वर्गात यावर चित्र रंगवलेलं, तात्पर्य: देण्याची वृत्ती ठेवा. आता आकड्यांशिवाय वाचताना याच्या लगेच वरचा परिच्छेद वेगळा उरलाच नाही. त्यात येशू शिष्यांना बजावतो, की लांब झगे घालून मानानं मिरवणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, हे लोक विधवांची घरं गिळतात. आणि तो मान वर करून बघतो तर समोर विधवा, शेवटच्या दोन दमड्या टाकताना! त्याच्या लगेच खाली काही जण मंदिराच्या सुंदर दगडांचं कौतुक करतात, आणि तो म्हणतो, ह्यातला दगडावर दगड राहणार नाही.

"म्हणजे तो तिचं कौतुक करतोय, की तिला कुणी लुटलं ते दाखवतोय?" पार्टनर.

मला तेव्हाही दुसरं वाटलं, आताही वाटतं. अभ्यासकांत दोन्ही बाजूंचे लोक आहेत. पण मुद्दा असा की आकडे असलेल्या पुस्तकात हा प्रश्न पडायची शक्यताच कमी, कारण विधवांची घरं गिळणारे शास्त्री विसाव्या अध्यायाच्या शेवटी आणि विधवा एकविसाव्याच्या सुरुवातीला. मध्ये ठळक टाईपात आकडा. गंमत पुढेच आहे. हेच तीन प्रसंग याच क्रमानं मार्कच्या पुस्तकातही आहेत. तिथे शास्त्री आणि विधवा एकाच अध्यायात, आणि रेघ मारली ती विधवा आणि मंदिराचे दगड यांच्यामध्ये! तीच गोष्ट, दोन पुस्तकांत दोन वेगळ्या जागी कापलेली. कापणाऱ्याचा हात दिसला की मग मजकुराची मूळची शीव कुठे आहे ते आपणच शोधायला लागतो.

आम्हाला वाटलं आपण काहीतरी भारी शोध लावला. नंतर लायब्ररीत आणि नेटवर पाहिलं तर ही रांग जुनी निघाली. तत्त्वज्ञ जॉन लॉक यानं पौलाच्या पत्रांवर लिहिताना हीच तक्रार केली होती. १७०७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ते छापलं गेलं. वचनं अशी चिरून ठेवल्यामुळे लोक त्यांना सुटी सुभाषितं समजतात, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत १९३६ मध्ये अर्नेस्ट सदरलँड बेट्स यानं वाङ्मय म्हणून वाचायचं बायबल संपादित केलं. २००७ मध्ये तिथल्या इंटरनॅशनल बायबल सोसायटीनं अध्याय-वचनांचे आकडे मजकुरातून हलवलेली आवृत्ती काढली. आणि २०१४ मध्ये ॲडम लुईस ग्रीन या बुक डिझायनरनं 'बिब्लिओथेका' नावानं आकड्यांशिवायचं, अनेक खंडांतलं बायबल छापायला किकस्टार्टरवर पैसे मागितले. मागितले ३७ हजार डॉलर, जमले १४ लाखांच्या वर. आकडे नसलेल्या पुस्तकासाठी एवढे आकडे!

आपल्याकडे तर याहून जुनी आठवण आहे. मूळचे इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी 'क्रिस्तपुराण' मराठीत लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूपर्यंत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. लँग्टनचे अध्याय आणि एस्तिएनची वचनं बाजूला ठेवून सगळी कथा पुराणासारखी एका ओघात सांगितली. आणि इथली ओवी मात्र लिहिणाऱ्याचीच.

आता दुसरी बाजू. आकडे काढले की सगळं 'ओरिजिनल' होतं हा भ्रम आहे. चौथ्या शतकातली ग्रीक हस्तलिखितं बघा (कोडेक्स सिनायटिकसचे फोटो नेटवर आहेत): शब्दांमध्येसुद्धा जागा नाही, अक्षरांची सलग माळ. म्हणजे परिच्छेद, पूर्णविराम, अवतरणचिन्हं हीसुद्धा कुणीतरी ठरवलेलीच. शिवाय काही ठिकाणी आकडे रचनेशी चोख जुळतात. स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचनं आहेत, कारण हिब्रूची २२ अक्षरं आणि प्रत्येक अक्षरानं सुरू होणाऱ्या आठ ओळी. तिथे आकडे काढून तुम्ही काही जिंकत नाही. आणि रविवारी पार्टनर आमची ब्लॅकबुक घेऊन चर्चमध्ये गेला तेव्हा पाळकांनी वचन सांगितल्यावर सगळ्यांची पानं सळसळली आणि हा बसला चाळत. वाचायला एक प्रत आणि शोधायला एक, असा तोडगा त्यानं काढलाय.

आकड्यांतली फट बघायची असेल तर आणखी एक गंमत. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. पुष्कळ आधुनिक भाषांतरांत ३६ नंतर एकदम ३८ येतं. जुन्या हस्तलिखितांत ३७ वं वचन नाही, एस्तिएनच्या छापील प्रतीत होतं. मजकूर गेला, नंबर तसाच राहिला. सगळे नंबर पुन्हा घालणार कोण? चारशे वर्षांचे संदर्भ कोसळतील. बेसिकमध्ये प्रोग्राम लिहिलेल्या जुन्या सरांना विचारा, लाईन डिलीट केली की काय दिसायचं ते.

यिर्मया मात्र दोन बैठकींत संपणारं नाही. शब्दसंख्येनं ते बायबलमधल्या सगळ्यांत मोठ्या पुस्तकांपैकी एक आहे आणि क्रमानंही सरळ नाही, मागेपुढे उड्या आहेत. मधल्या काही पानांवर आम्ही दोघंही झोपलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण कार्डावरच्या वचनापर्यंत पोचायचं ठरलं होतं. पोचलो ते असे.

इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या राजानं यरुशलेमचा राजा, कारागीर, मोठी माणसं सगळी कैद करून बाबेलला नेली. मागे राहिलेल्यांत यिर्मया आहे. देवाच्या सांगण्यावरून तो मानेवर जू घेऊन फिरतोय: बाबेलचं जू इतक्यात निघणार नाही, हे सांगायला. मग मंदिरात सगळ्यांसमोर हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहतो. तो म्हणतो, दोन वर्षांत सगळे परत येतील, राजासुद्धा. यिर्मया त्यावर म्हणतो, तसंच होवो! (हे मला फार आवडलं. त्यालाही तेच हवंय.) हनन्या त्याच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकतो. पण पुढे यिर्मयाला निरोप मिळतो: लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. त्याच वर्षी हनन्या मरतो.

पुढच्याच परिच्छेदात पत्र. यिर्मयानं बाबेलमधल्या कैद्यांना लिहिलेलं. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, पोरांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं मागा, त्याच्या भल्यात तुमचं भलं. तुम्हाला गोड स्वप्नं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सत्तर वर्षं झाली की मी तुम्हाला परत आणीन. आणि मग, ह्याला लागूनच, कार्डावरचं वाक्य.

सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक तोवर जगणारसुद्धा नव्हते. इंग्रजी 'यू' वरून कळत नाही, पण वचनातला 'तुम्ही' हा अनेकवचनी आहे, सगळ्या कैद्यांना मिळून. आकड्यांच्या पुस्तकात हनन्या अठ्ठाविसाव्या अध्यायात राहतो आणि पत्र एकोणतिसाव्यात सुरू होतं. दोन वर्षंवाला आणि सत्तर वर्षंवाला एकमेकांसमोर उभेच राहत नाहीत. आणि अकरा नंबरचं वचन एकटं उचललं, की ते चक्क हनन्यासारखं बोलायला लागतं.

पार्टनर बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. 'पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे' असं त्याला रोज सांगणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

"आत्याला माहीत असेल का रे हे?" मी विचारलं.

"आत्या बायबल चारदा वाचून बसलीय," तो म्हणाला. "तिला माहीतच असेल. मीच कधी पुढचं-मागचं विचारलं नाही."

रिव्हॅल्युएशनचा निकाल नंतर आठवड्यानं लागला. एका विषयात चार मार्क वाढले, तरी नापासच. पण त्याच्या आधीच, पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तो मेसच्या काकांकडे गेला आणि महिन्याचं कार्ड मागितलं. काका म्हणाले, "मग राहतोयस का?" परत आल्यावर त्यानं कॉटखालची बॅग ओढून काढली आणि कपडे कपाटात लावले. कार्ड भिंतीवर आहे तिथेच आहे. २९:११ च्या खाली त्यानं पेन्सिलनं लिहिलंय: 'हनन्यापासून वाचणे.'